रोलर ओढणारा गोलंदाज

स्कॉटलंडचे टॉम मॉरिस गोल्फच्या मैदानाची निगा राखत, नवी मैदानं आखत आणि ओपन स्पर्धाही जिंकत. 1861 ते 1867 या काळात चार वेळा. पुण्यात मैदान आणि खेळ दोन्हींत तसाच हात होता पालवणकर बाळूंचा.

1892 च्या सुमारास ते पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. खेळपट्टीवर रोलर फिरवायचा, रेषा आखायच्या, नेट बांधायची आणि मग त्याच नेटमध्ये इंग्रज साहेबांना तासन्‌तास चेंडू टाकायचे. कॅप्टन ग्रेग यांनी तर त्यांच्या डावखुऱ्या फिरकीवरच आपली फलंदाजी घासून घेतली. बाळूंच्या हाती मात्र कुणी बॅट दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतलं. मैदानात चेंडू सगळ्यांच्या हातून फिरे, पण चांभार समाजातल्या बाळूंचा चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. हे वाचताना आजही आवंढा गिळावा लागतो.

1906 मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी 114 बळी घेतले. तरी हिंदू संघाचा कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली नाही. तो मान 1923 मध्ये धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाला.