सहलीत लहान मुलाला विंचू चावला तर

कोकणात किंवा गडावर मुले दगड उचलतात, अनवाणी धावतात. लाल विंचू दगडांखाली, लाकडांच्या ढिगात आणि भिंतींच्या फटीत लपलेला असतो. मोठ्यांच्या तुलनेत मुलाचे वजन कमी, त्यामुळे तेवढेच विष त्याला जास्त बाधते.

धोक्याची लक्षणे
उलट्या, दरदरून घाम, थंडगार हातपाय, छातीत धडधड, धाप किंवा खोकला. लहान मुलग्यांमध्ये लिंग ताठरते. मूल फारसे रडत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. वेदना कमी असूनही विष हृदयावर परिणाम करत असू शकते.

काय करावे?
• मुलाला शांत ठेवा, चालवू नका.
• चावल्याची वेळ लक्षात ठेवा.
• लक्षणांची वाट न पाहता जवळच्या रुग्णालयात न्या. गरज पडल्यास १०८ क्रमांकावर फोन करा.

काय करू नये?
जखम कापणे, चोखणे, घट्ट बांधणे किंवा मंत्र-उताऱ्यात वेळ घालवणे टाळा.

उपचार
प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध यावर फार उपयुक्त ठरते. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८०च्या दशकात त्याचा वापर रूढ केला. डोस वजनानुसार ठरतो. स्वतः गोळी देऊ नका. विंचवाच्या विषावरील प्रतिविष (अँटिव्हेनम) हाफकिनमध्ये विकसित झाले आहे. मूल बरे दिसले तरी डॉक्टर सांगतील तितका वेळ, साधारण २४ तास, देखरेखीखाली ठेवा.

प्रतिबंध
मुलांना बूट घाला. बूट, कपडे, अंथरूण झटकूनच वापरा. रात्री टॉर्च जवळ ठेवा.