बेळगाव-निपाणीत राहून गेलेली माणसे

गेल्या वर्षी गणेशोत्सवात मंडळाने शाळकरी मुलांसाठी प्रश्नमंजूषा ठेवली होती. "नाथ पै कोण होते?" या प्रश्नाला सहावीतल्या एका मुलाने मोठ्या आत्मविश्वासाने उत्तर दिले, "सर्कल!" सभागृहात हशा पिकला. आम्हीही हसलो. पण घरी परतताना लक्षात आले, की मुलाचे तसे काही चुकले नव्हते. नाथ पै सर्कल, किर्लोस्कर रोड, टिळकवाडी ही नावे आपण मोठी माणसेही रिक्षावाल्याला सांगण्यापुरतीच घेतो. बँकेत छत्तीस वर्षे काढल्यामुळे आम्हाला ही स्थिती ओळखीची वाटली. खाते चालू आहे, व्यवहारही होतात, खातेदार कोण हे मात्र शाखेत कोणालाच ठाऊक नाही.

त्यानंतरच्या बैठकीत ही माहिती एकत्र करण्याचे काम कार्यकारिणीने आमच्याकडे सोपवले आणि त्याच बैठकीत पहिला वादही झाला. आमच्या कच्च्या यादीत पहिलेच नाव गंगाधरराव देशपांडे यांचे होते. "ते कर्नाटक केसरी. आपल्या मराठी मंडळाच्या यादीत कशाला?" असे एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले. सीमाभागात पिढ्यान्‌पिढ्या पाट्यांवरून आणि नावांवरून झगडावे लागले आहे, म्हणून त्यांचे म्हणणे आम्ही समजू शकतो. तरीही आम्ही नियम ठरवला तो असा: जो या भागात जन्मला, राहिला, शिकला किंवा ज्याने येथे शिकवले, कमावले, तो यादीत येईल. मातृभाषेचा रकाना आम्ही ठेवला नाही.

गंगाधररावांपासूनच सुरुवात करू. जन्म १८७१, गाव हुदली. टिळकांचे निष्ठावंत अनुयायी. एप्रिल १९१६ मध्ये बेळगावात प्रांतिक परिषद भरली आणि टिळकांच्या होमरूल लीगची स्थापना येथेच झाली, त्यामागे गंगाधररावांची खटपट होती. डिसेंबर १९२४ चे काँग्रेस अधिवेशन तर त्यांनीच बेळगावात आणले. महात्मा गांधींनी अध्यक्षपद भूषवलेले हे एकमेव अधिवेशन. आज ज्याला आपण काँग्रेस रोड म्हणतो त्या बाजूच्या मोकळ्या माळावर 'विजयनगर' नावाचा तंबूंचा गाव उभा राहिला आणि पाण्यासाठी विहीर खणली गेली. ती काँग्रेस विहीर आजही आहे. या अधिवेशनात स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींत अकरा वर्षांची एक मुलगी होती. पुढे सारा देश तिला गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागला. एवढा खटाटोप करूनही हिशेबात तूट आली नाही, शिल्लक राहिली. हे वाचून आमच्यातला बँकवाला मनातल्या मनात टाळ्या वाजवतो. नंतर गंगाधररावांनी हुदलीला खादीचे काम उभे केले आणि १९३७ मध्ये गांधीजी तेथे येऊन राहिले. १९६० मध्ये ते वारले. आणि आमच्या ज्येष्ठ सभासदांसाठी एक गोष्ट: या कर्नाटक केसरीने आपले आत्मचरित्र मराठीत लिहिले.

त्याआधीचा एक मुक्काम रिसालदार गल्लीतला. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोल्हापूरहून ओळखीची चिठ्ठी घेऊन एक तरुण बंगाली संन्यासी सदाशिवराव भाटे वकिलांच्या दारात आला. शिकागोचे भाषण व्हायला अजून अकरा महिने होते, तेव्हा 'स्वामी विवेकानंद' हे नाव गल्लीत कोणाला माहीत असण्याचे कारण नव्हते. वकिलांचे चिरंजीव पुढे प्राध्यापक झाले. त्यांनी या दिवसांच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत आणि त्या फार बोलक्या आहेत. संन्याशाने जेवणानंतर विडा मागितला याचे घरच्यांना नवल वाटले. हा मुलगा त्या वेळी पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करीत होता. पाहुण्याला ती आपल्यापेक्षा चांगली येते, हे पाहून तो चकितच झाला. काही दिवसांनी स्वामीजी वनखात्यातले बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे राहायला गेले. मित्र पतिपत्नींनी त्यांच्याकडून दीक्षा घेतली. किल्ल्यातील त्या जागी आता रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. एका अनोळखी माणसाला नुसत्या चिठ्ठीवर घरात घेणारे भाटे वकील आमच्या मते यादीत स्वतंत्र नोंदीचे हक्कदार आहेत.

किर्लोस्कर या नावाने दोन माणसे सांगावी लागतात. दोघांचेही गाव सौंदत्तीकडचे गुर्लहोसूर. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर (१८४३-१८८५) यांनी बेळगावात शिक्षकी केली. त्यांचे विद्यार्थी गोविंद बल्लाळ देवल, ज्यांनी पुढे 'शारदा' लिहिले, तेही येथेच मॅट्रिक होऊन येथेच शिक्षक झाले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात 'शाकुंतल' रंगभूमीवर आले आणि मराठी संगीत नाटकाला नवे रूप मिळाले. त्याचे श्रेय पुण्याला मिळते, ते मिळो. नाटककार आणि त्याचा शिष्य मात्र बेळगावच्या वर्गात एकत्र आले होते.

दुसरे लक्ष्मणराव (१८६९-१९५६). किर्लोस्कर रोडवरून जाताना पंप किंवा इंजिन आठवते, पण सुरुवात सायकलींपासून झाली. बंधू रामुअण्णांबरोबर त्यांनी बेळगावात सायकल विक्री आणि दुरुस्तीचे दुकान चालवले. मग कडबा कापायचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन नासते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे नांगर पडून राहिले. पुढे नगरपालिकेला नवे उपनगर वसवायचे होते, तेव्हा कारखान्याची जागा सोडावी लागली. औंधच्या पंतप्रतिनिधींनी माळजमीन आणि भांडवल दिले आणि १९१० मध्ये कुंडल रोडजवळ किर्लोस्करवाडी वसली. विकला न जाणारा माल, हातची जाणारी जागा आणि तारणाला फारसे काही नाही, असा प्रस्ताव आमच्या टेबलावर आला असता तर आम्ही काय शेरा मारला असता, हे न लिहिलेलेच बरे. बेळगावने एक कारखानदार घालवला आणि नंतर त्याच्या नावाचा रस्ता केला.

शहापूर पूर्वी सांगली संस्थानात होते, म्हणजे बेळगावला चिकटलेले असूनही दुसऱ्या राज्यात. काकासाहेब कालेलकरांच्या बालपणीच्या आठवणींत शहापूर आणि बेळगुंदी ही दोन्ही गावे येतात. पुढे ते गांधीजींच्या निकटच्या वर्तुळात गेले आणि गुजरातीचे मोठे लेखक झाले. त्यांच्यासाठी आमच्या नियमाला तिसरी भाषा सामावून घ्यावी लागली.

कुमार गंधर्वांचे असेच. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ, जन्म ८ एप्रिल १९२४, सुळेभावी. घरची भाषा कन्नड, गाणे शिकले मुंबईत देवधर मास्तरांकडे, राहिले माळव्यात देवासला, आणि मराठी घरांत त्यांची निर्गुणी भजने पहाटे लागतात. सुळेभावीहून शहरात रोज बस येते. तीतल्या किती जणांना हे ठाऊक असेल, कोण जाणे.

चित्रकलेत के. बी. कुलकर्णी यांचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. बेळगावात राहून त्यांनी व्यक्तिचित्रण आणि निसर्गचित्रण केले आणि मुलांना शिकवले. १९३५ मध्ये बेळगावात जन्मलेले रवी परांजपे हे त्यांचेच विद्यार्थी. आपले गुरू के. बी. कुलकर्णी, असे ते नेहमी आदराने सांगत.

आता साहित्य. येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत.

इंदिरा संत (१९१४-२०००) यांचे बालपण निपाणीजवळच्या तवंदीत गेले. पुण्या-मुंबईला जाताना आपण तवंदीचा घाट ओलांडतो, त्यात एवढे ऐकायला किती जण थांबतात! पती ना. मा. संत १९४६ मध्ये गेले. तीन लहान मुलांना घेऊन इंदिराबाई बेळगावात नोकरी करीत राहिल्या आणि शिक्षकांच्या प्रशिक्षण महाविद्यालयाच्या प्राचार्या झाल्या. 'शेला', 'मेंदी', 'मृगजळ', 'रंगबावरी' हे संग्रह त्या काळातले. 'गर्भरेशीम'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. आमच्या आईच्या पिढीतल्या अनेक शिक्षिका त्यांच्या हाताखाली तयार झाल्या. त्यांच्या लेखी त्या आधी 'संतबाई' होत्या, कवयित्री नंतर.

त्यांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत (१९३७-२००३). भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक म्हणून कऱ्हाडला राहिले, पण 'वनवास', 'शारदा संगीत', 'पंखा' यांतला लंपन आपल्याच भागातला मुलगा आहे. आजी-आजोबांकडे राहणारा, कन्नड कानावर पडत मराठी बोलणारा. नातवंडांना हा लंपन वाचून दाखवावा. आपली बोली छापलेली पाहून आमचा नातू आधी हसला आणि मग त्याने पुस्तक हातातून काढून घेतले.

जी. ए. कुलकर्णी यांचा जन्म १९२३ चा, चिकोडीकडच्या एकसंब्याचा. शिक्षण बेळगावात, नोकरी धारवाडला. 'काजळमाया'ला मिळालेला साहित्य अकादमी पुरस्कार त्यांनी परत केला. लोकांत मिसळणे त्यांना मानवत नसे, तरी त्यांच्या कथांतल्या गल्ल्या, पडकी घरे आणि उन्हे आपल्याकडची आहेत, असे वाचताना सारखे वाटते. हा आमचा पक्षपात समजावा.

पु. ल. देशपांडे राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते. तो काळ थोडकाच, पण त्यातून 'गणगोत'मधले 'रावसाहेब' निघाले. कन्नड हेल असलेले बेळगावी मराठी महाराष्ट्राने या लेखातून प्रथम मन लावून ऐकले. परगावी आमच्या बोलण्यावर कोणी हसले, की आम्ही रावसाहेबांचे नाव सांगून मोकळे होतो.

इतिहासलेखक आणि आमदार बा. रं. सुंठणकर, तसेच १९१९ मध्ये 'तरुण भारत' सुरू करणारे बाबूराव ठाकूर यांच्यावर स्वतंत्र लेख यायचे आहेत, म्हणून येथे फक्त उल्लेख. १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. हे मात्र मुलांना पाठ असावे.

निपाणीचे सांगताना आमचा आवाज थोडा बदलतो, कारण आम्ही तेथे शाखेत होतो. तंबाखूच्या वखारींवर तारण कर्जे असत, दाराला एक कुलूप व्यापाऱ्याचे आणि एक बँकेचे. साठा मोजायला आत गेलो, की पाच मिनिटांत डोळ्यांतून पाणी येई. बायका तेथे दिवसभर तंबाखू चाळत बसलेल्या असत.

या बायकांना आणि विडी वळणाऱ्यांना, गॅरेजवाल्यांना, ड्रायव्हरांना कथा-कादंबऱ्यांत आणले ते महादेव मोरे यांनी. ते निपाणीत पिठाची गिरणी चालवीत. दळण घालायचे, पट्टा सुरू करायचा आणि मिळेल तेवढ्या वेळात लिहायचे. 'एकोणिसावी जात', 'झोंबडं' ही त्यांची काही पुस्तके. पिठाने माखलेल्या त्या माणसाकडे साहित्यिक म्हणून पाहायला गावालाही वेळ लागला, आणि आम्हालाही. २०२४ मध्ये ते गेले. त्यांच्या गिरणीसमोरून आम्ही दोन-अडीच वर्षे रोज शाखेत जात होतो, आणि त्यांचे पहिले पुस्तक वाचले ते बदली होऊन गेल्यावर.

निपाणीजवळच्या खडकलाटच्या सुलोचनाबाई (१९२८-२०२३). पडद्यावरचे लाटकर हे नाव या गावावरूनच. मराठी आणि हिंदी चित्रपटांत त्या सगळ्यांच्या आई झाल्या. १९२५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मुंबई प्रांतिक बहिष्कृत परिषद निपाणीत भरली. ६ एप्रिल १९८१ रोजी शरद जोशींच्या तंबाखू आंदोलनात गोळीबार होऊन १२ शेतकरी मृत्युमुखी पडले. हे निपाणीत राहणारे नेते नव्हेत, पण त्या दिवसांशिवाय निपाणीची नोंद लिहिता येत नाही. जानेवारी १९५६ मधील सीमालढ्याच्या हुतात्म्यांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते होत्या, हे नावही घराघरांत माहीत हवे.

आणि आता त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर. बॅरिस्टर नाथ पै यांचा जन्म १९२२ चा, वेंगुर्ल्याचा. शिक्षणासाठी ते बेळगावला आले, १९४२ च्या आंदोलनात तुरुंगात गेले, पुढे लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. १९५७ पासून राजापूरचे खासदार. लोकसभेत त्यांचे भाषण असले, की विरोधकही बाकावर येऊन बसत. महाजन आयोगाचा अहवाल आल्यावर सीमाभागाची बाजू त्यांनी तेथे मांडली. हृदयाचा विकार होता, भाषणे कमी करा असे सांगितले गेले होते. जानेवारी १९७१ मध्ये हुतात्म्यांच्या स्मरणासाठी ते बेळगावला आले, सभेत बोलले, आणि १८ जानेवारीला येथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे ४८. आमच्या घरी त्या दिवशी चूल उशिरा पेटली, एवढे आम्हाला आठवते.

यादीत स्त्रियांची नावे फार थोडी आहेत, हे आम्हाला दिसते आहे. शहापूर-वडगावचे विणकर, खानापूरकडची मंडळी आणि गाणे शिकवणारे बुवा हेही राहिले आहेत. सभासदांनी नाव कळवताना राहण्याची गल्ली, साधारण काळ आणि आधाराचा कागद किंवा जुना फोटो सोबत द्यावा. मूळ कागद देऊ नयेत, छायाप्रत पुरे. दर रविवारी सकाळी दहा ते बारा आम्ही मंडळाच्या कार्यालयात असतो.