काल्पनिक जगाचे नकाशे

काल्पनिक जगाचा नकाशा म्हणजे प्रत्यक्षात अस्तित्वात नसलेल्या भूप्रदेशाचे, खऱ्या नकाशाची चिन्हे, प्रमाण आणि दिशा वापरून केलेले आरेखन होय. अद्भुतरम्य कादंबऱ्या, बैठे खेळ, संगणकीय खेळ आणि चित्रपट यांत असे नकाशे वापरले जातात. कथेतील स्थळे व अंतरे यांत सुसंगती राखणे आणि वाचकाला त्या जगाची प्रचिती देणे, असा त्यांचा दुहेरी उपयोग असतो.

पूर्वपरंपरा

भारतीय पुराणांतील विश्ववर्णनात जंबू, प्लक्ष, शाल्मली, कुश, क्रौंच, शाक आणि पुष्कर अशी सात वलयाकार द्वीपे आहेत. त्यांच्यामध्ये लवण, इक्षुरस, सुरा, घृत इत्यादींचे समुद्र मानले आहेत. जंबुद्वीपाचा व्यास एक लाख योजने असून पुढील प्रत्येक द्वीप आधीच्या द्वीपाच्या दुप्पट विस्ताराचे सांगितले आहे. जैन परंपरेत मनुष्यलोकाचे, म्हणजे अडीच द्वीपांचे, रंगीत पट कापडावर व कागदावर चितारले जात. मात्र त्या आरेखकांच्या दृष्टीने हे जग कल्पित नव्हते, तर श्रद्धेने मानलेले सत्य होते. त्यामुळे हे पट आधुनिक अर्थाने काल्पनिक नकाशे ठरत नाहीत. न पाहिलेल्या जगाला मापे, नावे आणि सीमा देण्याची रीत मात्र दोहोंत समान आहे.

आधुनिक इतिहास

थॉमस मोर यांच्या ‘युटोपिया’ (१५१६) या ग्रंथात कल्पित बेटाचे चित्र होते. जोनाथन स्विफ्ट यांच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये (१७२६) लिलिपुटसारखे देश खऱ्या समुद्रकिनाऱ्यांच्या शेजारी दाखवले गेले. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन यांनी १८८१ मध्ये स्कॉटलंडमध्ये असताना एका बेटाचा नकाशा काढला आणि त्यातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी आकाराला आली. प्रकाशकाकडे पाठवलेला मूळ नकाशा गहाळ झाल्याने तो मजकुराच्या आधारे पुन्हा काढावा लागला.

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मुळे (१९५४–५५) ग्रंथारंभी नकाशा देण्याची प्रथा अद्भुतरम्य साहित्यात रूढ झाली. त्यातील मुख्य नकाशा त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी रेखाटला. या कादंबरीचा मुग्धा कर्णिक यांनी केलेला मराठी अनुवाद ‘स्वामी मुद्रिकांचा’ या नावाने प्रसिद्ध झाला आहे. आर. के. नारायण यांच्या मालगुडी या कल्पित गावाचा नकाशा कथांतील उल्लेखांवरून नंतर एका अभ्यासकाने तयार केला.

आरेखनाची तत्त्वे

काल्पनिक नकाशात प्रथम किनारा व पर्वतरांगा, मग नद्या, हवामान व वनस्पती आणि शेवटी वस्त्या, वाटा व सीमा असा क्रम सामान्यतः पाळला जातो. किनाऱ्याची नैसर्गिक वाटणारी रेषा मिळवण्यासाठी कागदावर तांदूळ सांडून त्या ढिगाची कड गिरवणे, ही एक सोपी पद्धत आहे. अंतरांसाठी एका दिवसाची मजल हे माप सोयीचे ठरते. त्यावरून पात्रांच्या प्रवासाला किती दिवस लागतील, हे ठरवता येते. अलीकडे यासाठी संगणकीय साधनेही वापरली जातात.

नद्या उंचावरून उताराकडे वाहतात आणि वाटेत एकमेकींना मिळतात. त्रिभुज प्रदेश वगळता त्या क्वचितच फुटतात. सरोवराला बहुधा एकच निर्गम असतो. या नियमांकडे दुर्लक्ष झाल्यास नकाशा अविश्वसनीय वाटतो. नियमाला अपवाद असू शकतो, परंतु त्याला कारण असावे लागते.

प्रत्यक्ष भूगोलाचे उदाहरण : मुळशी

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका ही तत्त्वे समजून घेण्यास उपयुक्त आहे. सह्याद्रीच्या माथ्यापासून अरबी समुद्र सरळ रेषेत सुमारे ५०–६० किलोमीटरवर आहे. तरीही येथे उगम पावणारी मुळा नदी पूर्वेकडे वळते. पुण्यात तिला मुठा मिळते. पुढे भीमा व कृष्णा यांच्या मार्गाने हे पाणी एक हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरास पोहोचते. सह्याद्रीचा माथा हा जलविभाजक असल्याने असे घडते. ताम्हिणी घाटात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पर्जन्यछायेतील पुणे शहरात तो सुमारे सातशे मिलिमीटर असतो. त्यामुळे अल्प अंतरात दाट जंगल, भातखाचरे आणि कोरडे पठार असा बदल दिसतो.

वस्त्या व सत्ता यांची रचनाही भूरूपावर अवलंबून असते. पौड मावळ, मोसे खोरे अशी जुनी विभागणी दऱ्याखोऱ्यांनुसार झाली. कोरीगड व घनगड हे किल्ले घाटमाथ्याजवळ आहेत. खुर्द (लहान) व बुद्रुक (थोरले) हे गावांच्या नावांतील फारसी शब्द प्रशासनाचा इतिहास सांगतात, तर नांदे व चांदे या नावांत लोकभाषेची लय दिसते. याउलट मोसे खोऱ्यात एकविसाव्या शतकात उभारलेल्या नियोजित नगराचे ‘लवासा’ हे नाव मुद्दाम घडवलेले आहे. ते स्थानिक बोलीतून आलेले नाही.

मुळशी धरणाचे पाणी पर्वतातून पश्चिमेकडे नेऊन रायगड जिल्ह्यातील भिरा येथे वीजनिर्मितीसाठी वापरले जाते. हे केंद्र १९२७ मध्ये सुरू झाले. अशा प्रकारे पूर्ववाहिनी नदीचे पाणी अरबी समुद्राकडे जाऊ लागले. नकाशावर निसर्गनियमाविरुद्ध भासणाऱ्या या प्रवाहामागे मानवी कारण आहे आणि त्याची किंमतही आहे. धरणामुळे सुमारे पन्नास गावांच्या जमिनींवर गदा आली. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी मुळशी सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापट यांनी त्याचे नेतृत्व केले आणि त्यावरून ते ‘सेनापती’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आंदोलन अयशस्वी ठरले. आजच्या नकाशात तेथे जलाशयाचा निळा रंग दिसतो, त्याखालची शेते व घरे दिसत नाहीत.

नकाशाची विश्वसनीयता

नकाशा काय दाखवतो याइतकेच तो काय वगळतो, हेही महत्त्वाचे असते. काही काल्पनिक नकाशांत यामुळे जुन्या व नव्या नावांची जोडी, ओसाड गावे किंवा दोन राज्यांनी वेगवेगळ्या आखलेल्या सीमा दाखवल्या जातात. कथेतील एखादे राज्य आपल्या नकाशातून कोणाचे गाव पुसते, हे वाचकाला त्यावरून कळते. कल्पित प्रदेशाला इतिहास लाभतो तो अशा तपशिलांमुळे.

हेसुद्धा पहा

मुळशी सत्याग्रह
ताम्हिणी घाट
जंबुद्वीप
नकाशाशास्त्र