वेग राखणें आणि वेग रोखणें

पाय न लावतां मोटारीचा वेग एकसारखा राखणारें ‘क्रूझ कंट्रोल’ नामक यंत्र जुन्या गाडीस मागाहून बसवितां येईल काय, हा प्रश्न बीड-सोलापूरच्या रुंद रस्त्यावर कोणासही सुचेल. प्रश्न आजचा, तत्त्व मात्र जुनें. १७८८ सालीं जेम्स वॅटनें वाफेच्या इंजिनास फिरत्या गोळ्यांचा नियामक जोडला. वेग वाढला कीं गोळे दूर फांकत व वाफेची झडप मिटूं लागे. वेग मंदावला कीं ती उघडे. आपल्याकडे विहिरीवरील ऑइल इंजिनाचे ठोके भार कमीअधिक झाला तरी लयींत पडतात, तेही अशाच नियामकामुळें.

जुन्या विलीज जीपच्या समोरील फळीवर हातानें ओढावयाची एक मूठ असे. ती ओढून ठेविली कीं पायानें कळ दाबून धरल्यासारखें होई. पण इंधनाचें द्वार स्थिर ठेवणें म्हणजे वेग स्थिर ठेवणें नव्हे. मांजरसुंब्याचा घाट चढतांना अशी गाडी दमणार आणि उतरतांना उधळणार.

खरा वेग पाहून द्वार उघडमीट करणारी युक्ति मोटारींत आणण्याचें मोठें श्रेय अमेरिकेंतील राल्फ टीटर ह्या अभियंत्याकडे जातें. बालपणींच दृष्टि गेलेल्या ह्या गृहस्थास, असें सांगतात, गाडी हांकणाऱ्या सोबत्याच्या बोलण्याच्या भरांत बसणारे हिसके असह्य झाले. १९५० सालीं त्यास पेटंट मिळालें. १९५८ सालीं क्रायस्लर कंपनीनें तें यंत्र विक्रीच्या गाड्यांत घातलें. डोळसांनीं चालवून घेतलेली उणीव आंधळ्यास खुपली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

मागाहून बसविण्याच्या जुन्या धर्तीच्या संचांत फिरत्या दांड्यावरील चुंबकानें वेग मोजला जाई, आणि पेट्रोल इंजिनाच्या शोषणानें एक पडदा ओढला जाऊन कळीची तार खेंचली जाई. डिझेल इंजिनांत तसें शोषण नसतें. तेथें निराळा पंप किंवा विजेची मोटार लागते. परंतु धरणारा भाग दुय्यम, सोडणारा मुख्य. ब्रेकला पाय लागतांच कळ सुटलीच पाहिजे. गळिताच्या हंगामांत रात्रीं मागें दिवा नसलेली उसाची गाडी अकस्मात् पुढें येते. त्या क्षणीं झिजलेली तार अडकली तर पुढचें सांगावयास नको. जीर्ण तारेच्या गाडीस हें यंत्र मी तरी बसविणार नाहीं.

सरकारनें सक्तीचें केलें तें यंत्र निराळेंच. १ ऑक्टोबर २०१५ पासून बनणाऱ्या बहुतेक व्यापारी वाहनांस ताशीं ८० किलोमीटरची मर्यादा घालणारा नियामक केंद्रीय नियमानें आवश्यक ठरला, व त्यापूर्वींच्या गाड्यांसही तो मागाहून जोडण्याची तजवीज झाली. तो वेग राखीत नाहीं. मर्यादेपलीकडे जाऊं देत नाहीं, इतकेंच. कळ दाबण्याचे श्रम चालकाच्या पायासच राहतात.