माळ, मळा आणि अंकपाश

'रजनी' आणि 'नीरज'. अक्षरं तीच, जागा फक्त बदललेल्या. अशा जोडीला ऍनाग्राम म्हणतात. दोन शब्द ऍनाग्राम आहेत का हे ओळखणारं, झटपट चालणारं फंक्शन लिहा, हा आमच्या धंद्यात मुलाखतीतला ठेवणीतला प्रश्न. त्याच्या मागचं गणित मात्र बुधवार पेठेत छापलेल्या एका पुस्तकात आहे!

अप्पा बळवंत चौकात पुस्तकं घ्यायला आपण सगळेच जातो. तिथेच आनंदाश्रम आहे. महादेव चिमणाजी आपट्यांनी जुने संस्कृत ग्रंथ जमवून छापण्यासाठी १९व्या शतकाच्या शेवटी ही संस्था काढली. कादंबरीकार ह. ना. आपटे तिचा कारभार पाहायचे. या संस्थेने १९३७ साली भास्कराचार्यांची 'लीलावती' (११५०) छापली, गणेश दैवज्ञांच्या 'बुद्धिविलासिनी' (१५४५) टीकेसकट.

लीलावतीच्या शेवटी 'अंकपाश' प्रकरण आहे. शंभूच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे येतील? उत्तर ३६,२८,८००. म्हणजे दहा अक्षरी शब्दाच्या सगळ्या मांडण्या करून तपासणारं फंक्शन किती दमेल बघा.

पुढचं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ या अंकांचं. मांडण्या १२० नाहीत, २०च. तिन्ही ५ आपसात बदलले तरी संख्या तीच राहते, म्हणून १२० ला ६ ने भागायचं. भास्कराचार्यांनी प्रोग्रॅम लिहिला असं मी म्हणत नाही, पण किल्ली इथेच आहे: क्रम सोडा, कोण किती वेळा आलं ते मोजा. पहिल्या शब्दातल्या प्रत्येक अक्षराला एक मिळवा, दुसऱ्यातल्याला एक वजा करा. शेवटी सगळीकडे शून्य उरलं की झालं. दहा अक्षरांना वीस पावलं. अक्षरं क्रमाने लावून तुलना केली तरी चालतं, पण काम जास्त पडतं.

आता खरी गंमत. हेच फंक्शन 'माळ' आणि 'मळा' यांना ऍनाग्राम ठरवतं! युनिकोडमध्ये काना हे वेगळं चिन्ह आहे, त्यामुळे कॉम्प्युटरला दोन्हीकडे म, ळ आणि काना एवढंच दिसतं. आपल्याला मात्र एकीकडे मा-ळ दिसतं, दुसरीकडे म-ळा. म्हणून आधी काना-मात्रा आणि जोडाक्षरं धरून शब्दाची अक्षरं पाडायची, मग मोजायचं. इंग्रजीतले २६ खाने इथे पुरत नाहीत, हॅश टेबल लागतं. वेग तसाच राहतो, आणि उत्तर मराठीत बरोबर येतं.

जाता जाता गृहपाठ: 'चमचम'च्या मांडण्या किती? लीलावतीत २, २, १, १ चं उदाहरण आहे. उत्तर तेच.