आजूरपासून सुरू होणारं वर्ष

बीड 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. त्यामुळे इथल्या जुन्या दफ्तरावर फसली सन दिसतो. त्यात 590 मिळवा, की साधारण इसवी सन निघतो. 2023 मध्ये न्या. संदीप शिंदे समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा या उर्दू-मोडी कागदांचं मोल घराघरांत कळलं. एक नोंद सापडली तर दाखला, नाहीतर नाही!

आता गंमत बघा. महिन्यांची नावं इराणी, पण इराणी वर्षातला नववा महिना आजूर निजामाच्या फसलीत पहिला. म्हणजे क्रम असा: 9, 10, 11, 12, 1, 2, 3, 4, 5, 6, 7, 8. आमच्या भाषेत ही 'फिरवलेली क्रमवार यादी'.

समजा वर्षाचे बारा गठ्ठे असे लावलेत आणि तुम्हाला तीर, म्हणजे 4 हवाय. मधला, सहावा गठ्ठा उघडा: 2. शेवटचा 8, म्हणजे उजवी बाजू सरळ चढती. 4 या दोघांच्या मध्ये बसतो, म्हणून डावीकडचं सगळं सोडा. पुढे 5, मग 3, मग 4. चार गठ्ठ्यांत काम झालं. पहिल्यापासून चाळले असते तर आठ लागले असते.

यादी कुठेही फिरवलेली असो, मधोमध कापली की निदान एक बाजू सरळ असतेच. पण गठ्ठेच एकमेकांत मिसळले, तर ही युक्ती संपली. म्हणून दफ्तराची दोरी सोडण्याआधी क्रम टिपून ठेवा. तोही पुरावाच आहे.