कपाट भरलेलं, तरी घालायला काही नाही? रोजच्या कपड्यांचं गणित असं जुळवा

सोमवारची सकाळ. लोकलची वेळ जवळ आलेली. कपाटाचं दार उघडलं की दोन-चार कपडे अंगावर घरंगळतात आणि तरीही तोंडातून तेच वाक्य निघतं, "घालायला काही नाहीच!" शेवटी हात जातो तो नेहमीच्या निळ्या कुर्त्याकडे किंवा नेहमीच्या चेक्सच्या शर्टाकडे. बाकीचं कपाट तसंच भरलेलं राहतं.

हा अनुभव बऱ्याच जणांना येतो. गंमत म्हणजे यात कपडे कमी पडलेले नसतात. ते सुटे-सुटे घेतलेले असतात. एक सेलमध्ये मिळाला म्हणून, एक भाचीच्या बारशासाठी, एक कुणाच्या तरी रीलमध्ये छान दिसला म्हणून. टॉप आहे तर त्यावर जाईल अशी पँट नाही, साडी आहे तर तिचं ब्लाउज आता होत नाही. प्रत्येक कपडा एकेकटा चांगला, पण एकाचं दुसऱ्याशी जमत नाही.

मग रोज उपयोगी पडतील आणि तरीही चांगले दिसतील असे कपडे जमवायचे कसे? त्यासाठी मोठं बजेट लागतं का? पाहू या.

कॅप्सूल वॉर्डरोब ही काय भानगड आहे?

मोजके, एकमेकांवर जाणारे कपडे ठेवायचे आणि त्यांच्याच जोड्या बदलत राहायचं, या पद्धतीला 'कॅप्सूल वॉर्डरोब' म्हणतात. 1970 च्या दशकात लंडनमध्ये 'वॉर्डरोब' नावाचं बुटीक चालवणाऱ्या सूझी फॉ यांनी ही कल्पना लोकप्रिय केली. पुढे 1985 मध्ये अमेरिकन डिझायनर डोना कॅरन यांनी 'सेव्हन ईझी पीसेस' हे कलेक्शन आणलं. नोकरी करणाऱ्या स्त्रीला सात कपड्यांच्या अदलाबदलीतून सकाळचं ऑफिस ते संध्याकाळचा कार्यक्रम असं सगळं निभावता यावं, हा त्यामागचा विचार होता. 2010 मध्ये कोर्टनी कार्व्हर यांनी 'प्रोजेक्ट 333' सुरू केला. त्यात तीन महिने फक्त 33 वस्तूंवर काढायचे असतात, आणि त्यात चपला-दागिनेही मोजले जातात.

इंटरनेटवर फिरणाऱ्या कॅप्सूलच्या याद्या बहुतेक थंड देशांतल्या असतात. त्यातला ट्रेंच कोट आणि लोकरी स्वेटर नागपूरच्या मे महिन्यात किंवा मुंबईच्या जुलैमध्ये कुणी घालणार नाही. त्यामुळे यादी जशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. उचलायचं ते गणित.

गणित नेमकं काय आहे?

समजा सहा कुर्ते किंवा टॉप आहेत आणि चार बॉटम आहेत. प्रत्येक टॉप प्रत्येक बॉटमवर जात असेल तर 24 जोड्या होतात. त्यात दोन ओढण्या आल्या की प्रत्येक जोडी तीन प्रकारे घालता येते: पहिल्या ओढणीसह, दुसऱ्या ओढणीसह आणि ओढणीशिवाय. म्हणजे 72 जोड्या. त्यातल्या अर्ध्या जमल्या नाहीत असं धरलं तरी 36 उरतात. महिन्यातले ऑफिसचे दिवस याहून कमीच असतात. आणि हे सगळं फक्त 12 कपड्यांत.

आता उलटं पाहा. जो टॉप एकाच पँटवर जातो, त्याची जोडी एकच. असे 12 टॉप घेतले तरी पोशाख 12 च होतात आणि त्यासाठी बॉटमही वेगवेगळे लागतात.

म्हणून दुकानात लक्षात ठेवायचा नियम एकच: घरात आधीच असलेल्या किमान तीन कपड्यांवर जात असेल, तरच नवा कपडा घ्यायचा. ट्रायल रूममध्ये उभं राहून ते तीन कपडे पटकन आठवले नाहीत, तर तो परत ठेवलेला बरा.

आधी मोजणी, मग खरेदी

पहिलं पाऊल दुकानात नाही, घरातच टाकायचं असतं.

एका रविवारी सगळे कपडे पलंगावर काढा. आपला आठवडा कसा जातो ते कागदावर लिहा: ऑफिसचे दिवस किती, घरून काम किती, प्रवास कशाने, समारंभ महिन्यातून किती. आठवड्यातले पाच दिवस ऑफिसात आणि कपाटाचा अर्धा भाग लग्नाच्या कपड्यांनी भरलेला, असं चित्र दिसलं तर अडचण कुठे आहे हे लगेच कळतं.

मग सगळे हँगर उलट्या दिशेने अडकवा. एखादा कपडा घालून, धुऊन परत ठेवताना त्याचा हँगर सरळ करा. तीन महिन्यांनी जे हँगर उलटेच असतील, ते कपडे आपण घालत नाही. सणासुदीचे आणि थंडीचे कपडे यातून वगळायचे. जे हँगर सरळ झाले त्यांच्याकडेही नीट पाहा. त्यांचा रंग, गळा, लांबी, कापड यांत सारखं काय आहे? तीच आपली खरी आवड. पुढची खरेदी त्या अंगाने करायची.

रंग कसे निवडायचे?

पायाचे रंग दोन किंवा तीन पुरेत. गडद निळा, काळा, मोतिया, खाकी, राखाडी यांतले निवडले तर ते जवळपास सगळ्यांबरोबर जातात. पँट, लेगिंग, सलवार आणि रोजची पर्स याच रंगांत घ्यावी. त्यावर आपल्याला आवडणारे दोन-तीन ठळक रंग घ्यायचे. डाळिंबी, मोरपिशी, हळदी, जे मनाला भावेल ते. हे रंग कुर्ते, शर्ट आणि ओढण्यांमधून येऊ द्यावेत.

इथल्या हवेचाही विचार हवा. फिकट राखाडी रंगावर घामाचे डाग सर्वांत जास्त उठून दिसतात. गडद निळ्यावर आणि पांढऱ्यावर ते कमी दिसतात. पावसाळ्यात पांढरी सलवार घातली तर चिखलाचे शिंतोडे पोटरीपर्यंत येणारच. त्या चार महिन्यांसाठी गडद, पातळ आणि घोट्याच्या वर राहणारे बॉटम बरे.

कापडाचं लेबल वाचायला शिका

तयार कपड्याच्या आतल्या शिवणीत एक छोटं लेबल असतं. किमतीआधी ते वाचावं.

सुती कापड घाम शोषतं, म्हणून उन्हाळ्यात बरं वाटतं. पण ते पहिल्या धुण्यात थोडं आटू शकतं आणि वाळायला वेळ घेतं. पॉलिस्टर पाणी जवळपास शोषतच नाही. त्यामुळे ते झटपट वाळतं आणि चुरगळत नाही, पण गर्दीच्या डब्यात चिकचिक होते आणि घामाचा वास त्यात टिकून राहतो. लिननमधून हवा खेळती राहते, मात्र त्याला सुरकुत्या पडणारच. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, मऊ असतं आणि अंगावर छान पडतं, पण ओलं असताना कमकुवत होतं. ते पिळताना जोर लावू नये.

उन्हाळ्यात शुद्ध सुती आणि पावसाळ्यात सुती-पॉलिस्टर मिश्र कापड, अशी विभागणी सोयीची ठरते. जाड डेनिम पावसात भिजली की दोन दिवस वाळत नाही, हे ज्यांनी सोसलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

घेताना कपडा उजेडासमोर धरून आरपार दिसतो का ते पाहावं. तो उलटा करून टीप सरळ आहे का आणि शिवणीत पुरेशी माया, म्हणजे जादा कापड, सोडली आहे का तेही बघावं. माया असेल तर पुढे कपडा उसवून सैल करता येतो.

स्टाइल येते कुठून?

बहुतेक वेळा फिटिंगमधून. साधा पांढरा शर्ट अंगावर नीट बसला की महागड्या पण ढगळ शर्टापेक्षा उठून दिसतो. मुद्दाम ढगळ शिवलेले कपडे सोडले, तर खांद्याची शिवण खांद्याचं हाड संपतं तिथेच यायला हवी. खांदा दुरुस्त करणं शिंप्यालाही जिकिरीचं असतं, त्यामुळे तिथे तडजोड नको. लांबी, बाही आणि कंबर मात्र सहज बदलता येते. कोपऱ्यावरच्या टेलरकडे पँटची लांबी बरोबर करून घेतली तर तीच पँट नवी वाटू लागते. फक्त अल्टर करण्याआधी सुती कपडा एकदा धुऊन घ्यावा.

दुसरी गोष्ट निगा. इस्त्री केलेला, बटणं शाबूत असलेला, गोळे न आलेला कपडा जुना असला तरी नीटनेटका दिसतो.

तिसरी गोष्ट स्वतःची एखादी खूण. कुणाची चांदीची कुडी, कुणाचं चामड्याच्या पट्ट्याचं घड्याळ, कुणाची कोल्हापुरी. जून 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने कोल्हापुरीसारख्या चपला दाखवल्या आणि श्रेय न दिल्याबद्दल इथून टीका झाली. त्यानंतर कंपनीने त्यामागची प्रेरणा भारतीय चपलांची असल्याचं मान्य केलं. जे इथल्या बाजारात पिढ्यान्‌पिढ्या मिळतंय, त्याला नवं म्हणवण्याची गरज नसते. पावसात मात्र ती चामड्याची चप्पल घरीच ठेवावी.

साडी नेसणाऱ्यांना तर हे गणित आधीपासून ठाऊक आहे. काळं, मोतिया आणि खणाचं अशी तीन ब्लाउज असली की सहा साध्या सुती साड्या वेगवेगळ्या दिसतात.

किंमत कशी मोजायची?

लेबलवरची किंमत अर्धीच गोष्ट सांगते. ती किंमत कपडा जितक्या वेळा घातला त्या आकड्याने भागायची.

उदाहरणार्थ, 2,400 रुपयांचा कुर्ता दोन वर्षांत 80 वेळा घातला तर एका वेळेचा खर्च 30 रुपये. सेलमधला 900 रुपयांचा टॉप तीनदा घालून पडून राहिला तर एका वेळेचे 300 रुपये. स्वस्त कोणता ठरला?

याचा अर्थ महाग कपडा टिकतोच असा नाही. किंमत कितीही असो, वापर झाला तरच पैसे वसूल होतात. आणि वापर तर जगभर कमी होतोय. एलन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालानुसार, एक कपडा टाकून देण्याआधी जितक्या वेळा घातला जातो, तो आकडा 15 वर्षांत 36 टक्क्यांनी घसरला होता.

'हा ड्रेस तर आधीच्या फोटोत आहे'

रोजचे कपडे वाढण्यामागे हे एक न बोललेलं कारण असतं. एकदा पोस्ट झालेला पोशाख पुन्हा घालायला संकोच वाटतो. पहिल्या पगारातला मोठा वाटा यात जातो, काही जण तर हप्त्यांवर कपडे घेतात. पण मागच्या महिन्यात सहकाऱ्याने मंगळवारी काय घातलं होतं, हे आठवून पाहा. आठवत नाही ना? त्यालाही तुमचं आठवत नसतं. लक्षात राहतं ते एवढंच की ही व्यक्ती नीट राहते.

सुरुवातीसाठी एक यादी

स्त्रियांसाठी: तीन लांब कुर्ते, दोन आखूड कुर्ते, एक शर्ट, चार बॉटम, दोन ओढण्या, एक सुती जॅकेट, दोन साड्या.

पुरुषांसाठी: पाच शर्ट, तीन टी-शर्ट, तीन पँट, एक आखूड कुर्ता, एक हलकं जॅकेट. एवढ्यात शर्ट आणि टी-शर्ट मिळूनच 24 जोड्या होतात.

चपला-बुटांचे तीन जोड पुरतात: रोजचा, समारंभाचा आणि पावसाळ्याचा. ही यादी पक्की नाही. शिक्षिका, डिलिव्हरी करणारा आणि बँकेतला कर्मचारी यांचे आठवडे वेगळे, तशा त्यांच्या याद्याही वेगळ्या.

हे कपडे टिकवायचे तर गडद रंग उलटे करून थंड पाण्यात धुवावेत आणि सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात पूर्ण वाळल्याशिवाय कपाटात ठेवू नयेत, नाहीतर बुरशीचे ठिपके पडतात.

उरलेल्या कपड्यांचं काय?

चांगले असतील तर ते घालेल अशा माणसाला द्यावेत. फाटके, डागाळलेले कपडे दान म्हणून देऊ नयेत. त्यांच्यासाठी जुनी वाट आहेच. जुन्या साड्यांची गोधडी होते, सुती कपड्यांची फडकी होतात, आणि ज्या गल्लीत अजून बोहारीण येते तिथे त्यांच्या बदल्यात स्टीलचं पातेलं मिळतं. तिच्याशी घासाघीस करताना प्रत्येक कपडा हातात घेऊन बघावा लागतो. कपाटातला कोणता कपडा किती कामाचा होता, हे तेव्हा बरोबर कळतं.